पंडिता रमाबाई व त्रैक्याचा प्रश्न

गावोगाव सुवार्ता सांगत फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो. तुम्ही आमच्या अनेक देवांस नावे ठेविता, मग तुमचे तीन कसे, असे लोक विचारितात. बाजारात विचारणाऱ्यास काहीतरी उत्तर देऊन वाट काढिता येते. परंतु हाच प्रश्न बाप्तिस्म्याकरिता तयार होत असलेले माणूस विचारू लागले म्हणजे प्रसंग कठीण होतो. पोफळीस आमच्यावर नुकताच असा प्रसंग आला. एका तरुण स्त्रीची प्रभूवरील प्रीती सर्वांस उघड दिसत होती. ती प्रार्थनेस नियमाने येई व येशूचे नाव आदराने घेई. परंतु बाप, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन असून देव एकच कसा, हे उमगल्यावाचून आपण मंडळीसमोर उभे राहून होय म्हणणार नाही, असे तिने नम्रपणे पण स्पष्ट सांगितले.

तेथे बसलेल्या एका उपदेशकाने तिला आमच्या गावचाच दाखला दिला. घाटमाथ्यावर कोयनेचे पाणी शिवसागरात साठते; तेच बोगद्यातून डोंगराच्या पोटात उतरून पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये चाके फिरविते; आणि तेच पुढे वाशिष्ठीस मिळून दाभोळच्या खाडीकडे जाते. पाणी एक, रूपे तीन. दाखला ऐकावयास गोड आहे, आणि १९६२ सालापासून ह्या पाण्यावर वीज होत असल्यामुळे येथील लेकराबाळांसही तो समजतो. परंतु त्या स्त्रीने उलट विचारिले की, जे पाणी खाली आले ते वर उरले नाही. मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करीत होता ती कोणाजवळ? उपदेशक निरुत्तर झाले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही थोडा वेळ गप्पच बसलो. एकच देव पाळीपाळीने तीन सोंगे घेतो ही कल्पना मंडळीने फार प्राचीन काळीच चूक म्हणून टाकून दिली आहे. आमच्या दाखल्यात तीच चूक शिरली होती, व एका न शिकलेल्या स्त्रीने ती पकडली.

त्या रात्री आम्हांस पंडिता रमाबाईंचे स्मरण झाले. मुक्तिसदनाच्या संस्थापिका, विधवांच्या व अनाथांच्या माता, अशी त्यांची ओळख आमच्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांस आहे. परंतु बाप्तिस्मा झाल्यावरही त्या कित्येक वर्षे ह्याच प्रश्नाशी झगडत होत्या, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एवढ्या मोठ्या बाईंस शंका होती हे ऐकून दुर्बलांचा विश्वास डळमळेल, अशी भीती त्याच्या मुळाशी असावी. ती भीती आम्हांस खरी वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आमच्या डोक्यावर उभ्या असलेल्या ह्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानात, गंगामूळ येथे झाला. ते स्थान आज कर्नाटकात मोडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे पाप, असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली, आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेत जाबही दिला. पुढे आईने मुलीस शिकविले. आल्यागेल्या अतिथींच्या सरबराईत अनंतशास्त्र्यांची मालमत्ता संपली, तेव्हा घर सोडून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमा त्या वेळी सहा महिन्यांची असून तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेण्यात आले. त्यानंतर पुराण सांगत देवळांदेवळांतून फिरणे हेच ह्या कुटुंबाचे घर व हीच त्यांची मिळकत झाली. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत रमेस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

मग मद्रास इलाख्यातील दुष्काळ आला. जवळ होते नव्हते ते दानधर्मात व देवतांच्या आराधनेत खर्च झाले. व्रते झाली, उपास झाले, मूर्तीपुढे दिवसचे दिवस जप झाले. कोणी देव धावून आला नाही. १८७४ च्या सुमारास थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे उपासमारीने गेली. रमा व तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले, आणि ती दोघे उत्तरेस काश्मीरपर्यंत व पूर्वेस बंगालपर्यंत पायी फिरली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून घेतली, असे बाईंनी पुढे लिहून ठेविले आहे. तेव्हा बाईंनी अनेक देवांचा त्याग केला तो कोणा मिशनऱ्याच्या वादविवादाने नव्हे. त्या देवांची सेवा करिता करिता तीन प्रेते उचलावी लागल्यावर त्यांनी तो केला. ज्या मनुष्याने एका देवाच्या ज्ञानासाठी एवढे मोल दिले, त्याला देव तीन असे नुसते भासले तरी ते मन दचकावे यात नवल काय?

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी बाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ह्याच शहरी त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पहिल्याने पाहिली. मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बोलू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करितात असे त्यांस वाटले. वाचकांस हसू येईल. परंतु आमच्या उपासनेस प्रथमच आलेल्या परक्या मनुष्यास काय दिसते, ह्याचा विचार आम्ही कितीदा करितो? त्याच सभेत त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट मिळाले, पण त्याची भाषा व शिकवण दोन्ही अपरिचित असल्यामुळे त्यांस त्याचा बोध झाला नाही. ब्राह्म समाजाशी मात्र त्यांचा परिचय वाढला. एकच निराकार देव, मूर्ती नाही, अवतार नाही, ही त्या समाजाची शिकवण त्यांच्या पोळलेल्या मनास सावलीसारखी वाटली असावी.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दुसऱ्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने मरण पावले. आसामातील सिल्चर येथे संसार असताना बाईंस लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती; त्या वाचनाने मनात काही पेरले गेले होते. विधवा होऊन तान्ह्या मुलीसह त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि तेथे त्यांची फादर नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे ह्यांच्याशी भेट झाली. गोऱ्हे हेही चित्पावन व शास्त्री. १८४८ साली जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, आणि विशेष हे की ते स्वतः जन्मभर शंकांनी पीडलेले भक्त होते. ज्याने स्वतः शंका सोसली आहे तोच शंकेकऱ्याशी धीराने बोलतो. पुढे बाई विलायतेत असतानाही गोऱ्ह्यांच्या लेखांनी त्यांचे पुष्कळ समाधान केले.

१८८३ साली बाई इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकण्याचा विचार होता, परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला. ह्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत. ते पाहून बाई थक्क झाल्या. कारण अशा स्त्रियांविषयी कनवाळूपणा शिकविणारे शास्त्र त्यांनी पूर्वी वाचले नव्हते. तुम्ही हे का करिता, असे त्यांनी विचारिले, तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या चवथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीच्या काठी एका अशुद्ध गणलेल्या बाईशी बोलत बसलेला हा ख्रिस्त पाहून, हाच जगाचा तारणारा, दुसरा कोणी नव्हे, अशी त्यांची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे आमच्या उपदेशक बंधूंनी थोडे थांबावे. बाई ख्रिस्ताजवळ आल्या त्या त्रैक्याच्या दाराने आल्या नाहीत. त्या विहिरीवरून आल्या. मग दोन वर्षांत दुसरा प्रश्न उभा राहिला.

बाई १८८४ पासून चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजात शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. इंग्लंडच्या मंडळीत अथनेशियसच्या नावाने चालणारा एक जुना विश्वासांगीकार प्रार्थनापुस्तकाप्रमाणे वर्षातून तेरा दिवस म्हणावयाचा असतो. तो अथनेशियसाने लिहिलेला नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर पश्चिमेकडील लॅटिन बोलणाऱ्या मंडळीत तो तयार झाला. त्यात एक देव तीन व्यक्तींत व तीन व्यक्ती एका देवात, ह्या तत्त्वाची फार बारकाईने मांडणी आहे, आणि जो हे सर्व जसेच्या तसे मानीत नाही त्याचा सर्वकाळ नाश होईल, असेही सांगितले आहे. बाईंचे मन येथे अडले. त्रैक्य हा शब्द पवित्र शास्त्रात कोठे आहे, असे त्यांनी विचारिले. पुत्र स्वतःच बापाला आपणापेक्षा थोर म्हणतो, त्याची प्रार्थना करितो, मग समानता कशी, असेही विचारिले. येशूच्या कुमारीपासून जन्माविषयीही त्यांस शंका होती. सर्वांत मोठी अडचण ही की, मनुष्यांनी रचलेल्या वाक्यांस शास्त्राइतका मान देऊन जे आपणास कळले नाही ते कळले असे म्हणावे, हे त्यांच्या विवेकबुद्धीस पटेना.

हा वाद १८८५ साली पत्रांतून झाला. एका बाजूस बाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. छोटी मनोरमा त्यांस आजीबाई म्हणे, आणि त्यांची दोघींवर माया होती ह्यात संशय नाही. परंतु त्यांस बाईंच्या प्रश्नांत अहंकार दिसला. बाप्तिस्म्याने तुम्ही मंडळीच्या कन्या झाला आहात, कन्येने आईचे ऐकावे, अशी त्यांची भूमिका होती. बाईंनी कळविले की, भारतातील भटभिक्षुकांचे जू आपण मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे. आता दुसरे जू, ते देवाच्या नावाने आले तरी, आपण खांद्यावर घेणार नाही. ख्रिस्ताची आज्ञा निराळी आणि पाद्र्यांची निराळी. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूसही त्यांनी गळ्यात घालण्याचे नाकारिले. आपल्या देशबांधवांस न कळणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत अक्षरे बरी, असे त्यांचे मत होते. ह्याच सुमारास त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही ह्यावरही बिशपांनी हरकती घेतल्या, आणि मने अधिकच दुखावली.

दुसऱ्या बाजूस कॉलेजच्या मुख्याध्यापिका मिस डॉरोथिया बील होत्या. त्या त्रैक्यावर पूर्ण विश्वास ठेवणाऱ्या होत्या, तरी शंका विचारणे हे पाप आहे असे समजत नसत. त्यांनी बाईंच्या प्रत्येक मुद्द्यास शांतपणे उत्तर लिहिले, आणि उत्तर पटले नाही म्हणून दार लावून घेतले नाही. आमच्या मते बाईंस ख्रिस्ताच्या मंडळीशी बांधून ठेवण्यात बीलबाईंच्या धीराचा वाटा सिस्टरच्या मायेपेक्षा लहान नव्हता.

बाईंच्या शंकेत जे खरे होते ते मानिले पाहिजे. त्रैक्य हा शब्द शास्त्रात नाही, हे सत्य आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातील स्वर्गात साक्ष देणाऱ्या तिघांविषयीचे जे वचन जुन्या भाषांतरांत असे, ते प्राचीन ग्रीक हस्तलेखांत आढळत नाही, व आता बहुतेक भाषांतरांत घेत नाहीत. म्हणून उपदेशकांनी त्याच्या आधारे वाद करू नये. परंतु शब्द नाही म्हणून वस्तू नाही असे होत नाही. यार्देन नदीत पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे, आणि बापाची वाणी आकाशातून येत आहे. तिघे एकाच घटकेस आहेत, पाळीपाळीने नाहीत. आमच्या कोयनेच्या पाण्याचा दाखला येथेच वाहून जातो. आणि मत्तयाच्या शेवटी शिष्यांस बाप्तिस्मा देण्याची आज्ञा झाली ती तिघांच्या नावांनी नव्हे, नावाने. मूळ ग्रीक भाषेत तो शब्द एकवचनी आहे. दत्ताच्या मूर्तीशी ह्याची तुलना करणारे पुष्कळ भेटतात. तेथे उत्पत्ती, स्थिती व लय ही कामे तिघांत वाटलेली आहेत; येथे एकाच प्रीतीचे एकच काम बाप ठरवितो, पुत्र करितो व आत्मा आमच्या अंतःकरणात पुरे करितो.

मग ती सूत्रे कशास झाली? इ. स. ३२५ साली निकाया येथे सभा भरली, तिला २०२५ साली १७०० वर्षे झाली. अरियस नावाचा वडील शिकवीत असे की पुत्र हा निर्माण केलेला, देवापेक्षा खालचा आहे. तसे असेल तर ख्रिस्ताची भक्ती करणारे आम्ही एका निर्मित वस्तूचे पूजक ठरतो, आणि मोठा देव व धाकटा देव असे दोन देव होतात. म्हणजे ज्या अनेकदेवत्वाची रमाबाईंस धास्ती होती, त्यालाच अडविण्यासाठी पुत्र बापाशी एकतत्त्व आहे असे मंडळीने म्हटले. कोकणात बागेभोवती चिऱ्यांचा गडगा घालितात. गडग्याला आंबे लागत नाहीत, पण गडगा नसला तर गुरे बाग ठेवीत नाहीत. वाँटेज येथे बाईंस गडगा आधी दाखविला गेला, आणि तोही नाशाच्या धाकासह. बाग दाखविण्यास कोणी थांबले नाही, असे आम्हांस वाटते.

१८८६ च्या आरंभी बाई डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या, व तेथे तीन वर्षांच्या आत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे पुस्तक लिहून बालविधवांच्या शाळेकरिता साह्य मिळविले. बोस्टन येथे जी रमाबाई असोसिएशन निघाली तिचे अध्यक्ष रेव्हरंड हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे होते. पंथोपपंथांचा हा बाजार पाहून बाईंनी कोणत्याही एका पंथाचा शिक्का आपणावर मारून घेतला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे आमच्या जिल्ह्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

बदल झाला तो वादाने झाला नाही. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र बाईंच्या हाती आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे पाळकपण करून मग स्वतः तारणाचा अनुभव पावला होता. ते वाचून बाईंस कळून चुकले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त त्याला अद्यापि धरिले नाही. पुढे त्यांनी सांगितले आहे की, त्यानंतर त्यांनी आपणास जशा होत्या तशा त्याच्या स्वाधीन केले आणि पापक्षमेची शांती त्यांस मिळाली. मनुष्याचे पाप केवळ देवच वाहू शकतो. ज्याने आपले वाहिले त्याला धाकटा देव म्हणणे मग त्या मनास कसे जमावे? तीनचार वर्षांनी लोणावळ्याच्या सभांत पवित्र आत्मा आपल्या ठायी वसतो ह्या आनंदाचा त्यांस अनुभव आला.

१८९३ साली मुली ख्रिस्ती होतात म्हणून पुण्यात गवगवा झाला व न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर इत्यादी सल्लागारांनी अंग काढून घेतले. १८९६-९७ च्या दुष्काळात, आपण स्वतः एकदा जशा उपाशी हिंडलो तशा हिंडणाऱ्या शेकडो मुली बाईंनी मध्यप्रांतातून केडगावास आणिल्या, आणि १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर ती संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. उद्याचे धान्य कोठून येईल हे ठाऊक नसताना त्या बापाजवळ मागत व भाकरी मिळे. जून १९०५ मध्ये मुक्तीत मुलींवर आत्म्याचा वर्षाव झाला, आणि रात्ररात्र पापांगीकार व प्रार्थना चालल्या. बाप, पुत्र व आत्मा ही तीन नावे आता पत्रातील वादाचा विषय राहिली नव्हती; त्यांच्यावाचून मुक्तीचा एक दिवसही उगवत नव्हता.

बाईंचे शेवटचे काम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. मनुष्यांचा शब्द नको, शास्त्राचा दाखवा, असे ज्या बाई १८८५ साली म्हणाल्या, त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणावयास घेतले. खेड्यातील साध्या बायांस कळावे म्हणून त्यांनी भारी संस्कृत शब्द टाळून सोपी भाषा योजिली. स्वतः संस्कृतात एवढ्या प्रवीण असून हे केले, हे ध्यानात ठेवावे. टंक जुळविणाऱ्या व छापणाऱ्या मुक्तीच्याच स्त्रिया होत्या. कान जवळजवळ गेलेले, १९२१ च्या जुलैत एकुलती मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ज्या वचनांवरून त्यांनी चेल्टनम येथे वाद केला त्या प्रत्येक वचनाजवळ त्यांस आता मूळ भाषेतून, एकेक शब्द मोजीत, पुन्हा यावे लागले. शेवटची मुद्रिते तपासून होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या प्रभूजवळ गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या पोफळीच्या त्या स्त्रीस आम्ही पाण्याचा दाखला पुन्हा दिला नाही. योहानाचे शुभवर्तमान तिच्या हाती दिले आहे, आणि वाचिता येत नाही म्हणून तिची पुतणी सायंकाळी तिला वाचून दाखविते. चवथा अध्याय तिने तीनदा वाचविला. बाप्तिस्म्याचा दिवस अजून ठरलेला नाही; उपदेशकांस घाई आहे, तिला नाही, व आम्हांसही नाही.